प्रत्येक कॉन्सर्ट ही मैफल नसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका पियानोवादिकेचा इंग्रजी परिचय तुम्ही मराठीत आणताय. त्यात कॉन्सर्ट, रिसायटल, कन्चेर्टो, गिग, ‘इन कॉन्सर्ट’ आणि शेवटी ‘हाउस कॉन्सर्ट’ असे शब्द आलेत. पहिल्या मसुद्यात तुम्ही सगळीकडे ‘मैफल’ लिहिलंत. वाचताना ते खटकतंय, पण कुठे चुकलं ते सापडत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय, कॉन्सर्टचा खरा अर्थ काय आणि मराठीत तो कसा वापरायचा?

वीसेक वर्षं मी संगीताच्या कार्यक्रमपत्रिका, ध्वनिमुद्रिकांवरची टिपणं आणि कलावंतांचे परिचय भाषांतरित करतो आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करायचो. कॉन्सर्ट दिसली की मैफल. त्यामुळे तुमचा मसुदा वाचताना मला तो परका वाटला नाही, आणि उत्तर जरा लांबलं तर समजून घ्या.

खटकतंय ते योग्यच खटकतंय. मैफल हा फार देखणा शब्द आहे, पण त्याचं स्वतःचं म्हणणं ठाम आहे. मूळ अरबी महफिल म्हणजे लोक जमतात ती जागा, जमलेली मंडळी. तो शब्द ऐकणाऱ्यांच्या बाजूने घडलाय. आपण म्हणतो, मैफल जमली, मैफल रंगली, मैफल उठली. यातलं एकही क्रियापद गाणाऱ्याच्या एकट्याच्या हातातलं नाही. समोरून दाद येते, ती तिथल्या तिथे पोचते, आणि पुढची जागा कशी घ्यायची हे त्या दादेवर ठरतं. पंधरा हजारांच्या मैदानात, आधीच ठरलेल्या क्रमाने, सेकंदाबरहुकूम चालणाऱ्या रॉकच्या कार्यक्रमाला मैफल म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहतं. सत्तर-ऐंशी वादकांच्या वाद्यवृंदाचंही तेच. तिथे श्रोते दोन भागांच्या मध्येसुद्धा टाळ्या वाजवत नाहीत, अख्खी रचना संपेपर्यंत थांबतात.

कॉन्सर्ट हा शब्द वाजवणाऱ्यांच्या बाजूने घडलाय. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियनमधून. इटालियन ‘कन्चेर्तारे’ म्हणजे जुळवून घेणं, मेळ घालणं. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये त्याच रूपाच्या क्रियापदाचा अर्थ एकमेकांशी झुंजणं, वाद घालणं असा होता. झुंजीचा मेळ कसा झाला यावर अभ्यासकांची मतं निरनिराळी आहेत. मला मात्र दोन्ही अर्थ संगीतात शेजारी शेजारी नांदताना दिसतात, आणि त्याकडे मी कन्चेर्टोच्या निमित्ताने परत येणार आहे. १५८७ मध्ये व्हेनिसमध्ये आंद्रेआ आणि जोव्हान्नी गाब्रिएली या काका-पुतण्यांच्या रचनांचं एक पुस्तक ‘कन्चेर्ती’ या नावाने छापलं गेलं. त्यात गळे आणि वाद्यं एकत्र होती. निरनिराळे आवाज एका ठिकाणी आणून जुळवणं, हा त्या शब्दाचा तेव्हाचा अर्थ.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण भाषांतरात सगळ्यात जास्त घोटाळा तिनेच होतो. ‘अॅक्टिंग इन कॉन्सर्ट’ म्हणजे मिळून, ठरवून काम करणं. हा वापर संगीतावरून आलेलं रूपक आहे असा अनेकांचा समज असतो. क्रम उलटा आहे. एकमत, मिळून आखलेला बेत हा अर्थ इंग्रजीत आधी रुजला, आणि संगीताचा जाहीर कार्यक्रम हा अर्थ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. म्हणून कंपनी कायद्याच्या मजकुरात ‘इन कॉन्सर्ट’ आलं तर तिथे सूर-ताल शोधू नका. मात्र ‘संगनमताने’ लिहितानाही थांबा. मराठीत संगनमताला कटाचा वास आहे. मूळ मजकुरात आरोप असेल तर संगनमत बरोबर. नुसतंच दोघांनी ठरवून शेअर घेतले असं सांगायचं असेल तर ‘परस्परांशी ठरवून’ किंवा ‘मिळून’ पुरे. इतिहासाच्या पुस्तकात ‘कॉन्सर्ट ऑफ युरोप’ येतं, तेही याच घरातलं. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ पासून ब्रिटन, ऑस्ट्रिया, प्रशिया आणि रशिया यांनी, आणि थोड्या काळाने फ्रान्सनेही, युरोपातले तंटे आपसात बोलून मिटवण्याची जी घडी बसवली तिचं ते नाव. ‘कन्सर्टेड एफर्ट’ म्हणजे एकजुटीचे प्रयत्न. हल्ली इंग्रजीत एकट्या माणसाच्या नेटाच्या प्रयत्नालाही तसं म्हणतात. मला ते पटत नाही, पण वापर रुळलाय, तेव्हा भाषांतर करताना संदर्भ बघून ‘कसून प्रयत्न’ लिहावं. आणि ‘डिस्कन्सर्ट’ म्हणजे जुळलेला मेळ उसकटणं, म्हणजेच एखाद्याला गोंधळवून टाकणं.

याच शब्दाच्या शेजारी आणखी एक शब्द उभा असतो, कॉन्सॉर्ट. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये वाद्यांच्या छोट्या ताफ्याला कॉन्सॉर्ट म्हणत. एकाच कुळातली वाद्यं असली की अखंड कॉन्सॉर्ट, निरनिराळ्या कुळांतली एकत्र आली की तुटका कॉन्सॉर्ट. त्या काळी दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगची सरमिसळ व्हायची. आज जुनं संगीत वाजवणारे ताफे आपल्या नावात कॉन्सॉर्ट लावतात, त्याला कॉन्सर्ट समजून ‘अमुक मैफल’ असं भाषांतर केलेलं मी छापील पत्रिकेत वाचलं आहे. तो ताफ्याचा शब्द आहे, कार्यक्रमाचा नव्हे.

आता कार्यक्रम या अर्थाकडे. ३० डिसेंबर १६७२ रोजी लंडनमध्ये जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाने आपल्या घरी संगीत सुरू केलं. वेळ जाहीर, दारात एक शिलिंग द्यायचा आणि आत जायचं. राजाच्या वादकांत त्याची एके काळी मोठी जागा होती, ती गेलेली होती. आत येणारा राजाचा पाहुणा असण्याची गरज नव्हती, मालकाच्या ओळखीचा असण्याचीही नव्हती. काही वर्षांनी, १६७८ पासून, टॉमस ब्रिटन नावाचा कोळसाविक्रेता आपल्या कोळशाच्या वखारीवरच्या लांबुळक्या माडीत दर आठवड्याला संगीत ठेवू लागला. पॅरिसमध्ये १७२५ पासून धार्मिक सणांच्या दिवशी, ऑपेरा बंद असताना, ‘कॉन्सर्ट स्पिरिच्युएल’ नावाची कार्यक्रममालिका चालू झाली. लाइपझिगमध्ये १७८१ मध्ये कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीत खास संगीतासाठी सभागृह बांधलं गेलं, तिथला वाद्यवृंद आजही त्या कापडघराचंच नाव लावतो.

हा इतिहास सांगितला तो यासाठी की कॉन्सर्टमध्ये ‘जाहीर’ हा अंश इथे मुरला. वेळ आधी सांगितलेली, जागा ठरलेली, आणि येणारा कुणीही अनोळखी. बहुतेकदा तिकीट, पण तिकीट ही अट नव्हे, मोफत कॉन्सर्टही असते. म्हणूनच खासगी कार्यक्रमाला इंग्रजीत वेगळं विशेषण लावावं लागतं, ‘प्रायव्हेट कॉन्सर्ट’, ‘हाउस कॉन्सर्ट’. मराठीत नेमकं उलट. मैफल म्हटलं की ती मुळातच आपल्यातली. मोठी, सर्वांना खुली असेल तर आपण ‘जाहीर मैफल’ म्हणतो. दोन्ही भाषांत विशेषण कुठे लागतं ते पाहिलं की शब्दाचा स्वभाव कळतो.

मग कॉन्सर्टला मराठीत काय म्हणायचं? एकच एक शब्द शोधू नका. बोलण्यात आपण काय म्हणतो ते आठवा. ‘आज अमक्यांचं गाणं आहे’, ‘काल गाण्याला गेलो होतो’. या ‘गाणं’मध्ये अख्खी कॉन्सर्ट मावलेली असते. लिहिताना ‘गाण्याचा कार्यक्रम’, ‘संगीताचा जाहीर कार्यक्रम’, ‘वाद्यवृंदाचा कार्यक्रम’ हे साधे, प्रामाणिक पर्याय आहेत. जलसा हा शब्द जुन्या मजकुरात कॉन्सर्टसाठी येतो. अरबीत त्याचं मूळ बसण्याशी आहे, म्हणजे बैठकच. पण मराठीत जलशाला लोकरंजनाचा आणि समाजप्रबोधनाचा स्वतंत्र इतिहास आहे, त्यामुळे सिंफनीच्या कार्यक्रमाला जलसा म्हणणं आज जमत नाही. रॉक, पॉप, मैदानातले दौरे यांना सरळ कॉन्सर्ट लिहा. वाचक तोच शब्द वापरतो, आणि मराठी प्रतिशब्दाच्या हट्टाने तिथे काही साधत नाही.

एक सावधगिरी ऑर्केस्ट्राबद्दल. मराठी बोलण्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम. ‘गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवलाय’ हे वाक्य सगळ्यांना कळतं. इंग्रजीत तो वादकांचा समूह, कार्यक्रम नव्हे. ‘ऑर्केस्ट्रल कॉन्सर्ट’चं भाषांतर ‘ऑर्केस्ट्रा’ असं केलंत तर वाचक निवेदक आणि फर्माइशी गाण्यांची वाट बघत बसेल. तिथे वाद्यवृंद हा शब्द पक्का वापरा.

आता रिसायटल. तुमच्या मजकुरातला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द, आणि मसुद्यात सगळ्यात जास्त हरवलेला. रिसाइट म्हणजे म्हणून दाखवणं, पठण करणं. वाद्यावर ‘पठण’ कसं करणार, हा प्रश्न १८४० मध्ये लंडनच्या लोकांनाही पडला होता. हंगेरियन पियानोवादक फ्रान्झ लिस्टने ९ जून १८४० रोजी हॅनोवर स्क्वेअर रूम्समध्ये एकट्याने पियानो वाजवण्याचं ठरवलं, आणि जाहिरातीत ‘रिसायटल्स ऑन द पियानोफोर्टे’ असे शब्द होते. अनेकवचनाकडे लक्ष द्या. कार्यक्रम एकच, पण त्यातल्या प्रत्येक रचनेचं एकेक ‘पठण’. हळूहळू अनेकवचन गळालं आणि सगळ्या कार्यक्रमालाच रिसायटल म्हणू लागले. त्याआधीची पद्धत मिसळीची होती. एकाच कार्यक्रमात ऑपेरातलं गाणं, वाद्यवृंदाची तुकडी, मध्येच पियानो, पुन्हा गायक. नामांकित पियानोवादकसुद्धा चार जणांच्या मध्ये वाजवून जायचा. आदल्या वर्षी रोममध्ये लिस्टने एकट्याने अख्खा कार्यक्रम निभावला होता, आणि तेव्हा त्याने त्याला संगीतातलं स्वगत म्हटलं होतं. स्वगत! नाटक माहीत असलेल्या मराठी वाचकाला रिसायटल समजावून सांगायला याहून चांगला शब्द मला आजवर मिळालेला नाही.

तर रिसायटलची खूण अशी: कार्यक्रमाचं सगळं वजन एकाच्या, फार तर दोघांच्या खांद्यावर. साथीला कुणी असलं तरी ते रिसायटलच. व्हायोलिनवादकाबरोबर पियानो असतो, गायकाबरोबर असतो, तरी नाव मुख्य कलावंताचं. ख्यालगायक बसतो तेव्हा तबला, पेटी, तानपुरे असतातच, आणि इंग्रजीत त्याला ‘व्होकल रिसायटल’ म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

आणि आता तुम्हाला उपयोगी पडेल ती गोष्ट. मराठीत रिसायटलला शब्द आहे, फक्त तो सुटा नाही. ‘सतारवादन’, ‘बासरीवादन’, ‘शास्त्रीय गायन’, ‘एकल तबलावादन’. जुन्या पत्रिका काढून बघा: ‘अमक्यांचे सतारवादन, सायंकाळी ६ वाजता’. हे ‘सितार रिसायटल’चं तंतोतंत मराठी आहे. आपल्याकडे ते वाद्याच्या नावाला चिकटून येतं म्हणून शब्दकोशात शोधलं की सापडत नाही. मला हे कळायला सहा-सात वर्षं लागली, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जुन्या भाषांतरांची फाइल उघडून एकेक ओळ सुधारत बसलो होतो. तर ‘पियानो रिसायटल’ला पियानोवादन म्हणा, एकटेपणावर भर हवा असेल तर एकल पियानोवादन. नृत्याचंही रिसायटल असतं, तिथे नृत्याचा कार्यक्रम किंवा एकल नृत्य. अमेरिकेत संगीतशाळेतल्या मुलांच्या वार्षिक सादरीकरणालाही रिसायटल म्हणतात. तिथे ‘विद्यार्थ्यांचा कार्यक्रम’ लिहायचं, नाहीतर सात वर्षांच्या मुलीच्या नावापुढे मोठमोठे शब्द येऊन बसतात. करारपत्रातले ‘रिसायटल्स’ म्हणजे सुरुवातीची ‘ज्याअर्थी’ची कलमं. त्यांचा संगीताशी संबंध नाही, तिथेही पठणाचाच अर्थ.

कन्चेर्टोबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. जर्मन संगीतकार बाखच्या दोन व्हायोलिनांसाठीच्या कन्चेर्टोचं नाव मी ‘दोन व्हायोलिनांची मैफल’ असं लिहिलं. पत्रिका छापून आली, वाटली गेली. मध्यंतरात एक वयस्क व्हायोलिनशिक्षिका मला शोधत आल्या, पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘मैफल आज संध्याकाळी आहे. ही तर रचना आहे, तीनशे वर्षांपूर्वीची.’’ फरक याहून सोपा करून कुणी सांगितला नसता. कॉन्सर्ट हा प्रसंग. कन्चेर्टो ही रचना, एक किंवा अधिक एकलवादक आणि त्यांच्यासमोर वाद्यवृंद अशी बांधलेली, बहुधा जलद, संथ, जलद अशा तीन भागांची. एकलवादक काही म्हणतो, वाद्यवृंद त्याला उत्तर देतो, मध्येच अडवतो, मग दोघे एका जागी येतात. झुंज आणि मेळ, लॅटिन आणि इटालियन, दोन्ही अर्थ तिथे एकमेकांत मिसळलेले असतात. एका कॉन्सर्टमध्ये कन्चेर्टो असू शकतो. मराठीत त्याला पर्याय घडवू नका, कन्चेर्टो असंच लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. कन्सर्टिना हे तिसरंच, घडी उघड-मिट करून वाजवायचं हातातलं वाद्य.

कॉन्सर्ट जोडून येणारे बाकीचे शब्द भराभर सांगतो. कॉन्सर्ट हॉल म्हणजे संगीतसभागृह, नाट्यगृह नव्हे. दोन्हींतली ध्वनीची रचना वेगळी असते. कॉन्सर्ट ग्रँड म्हणजे सगळ्यात लांब पियानो, पावणेतीन मीटरच्या आसपास. एखाद्या ऑपेराचा ‘कॉन्सर्ट परफॉर्मन्स’ म्हणजे वेशभूषा, नेपथ्य, हालचाली नाहीत. गायक उभे राहून गातात, वाद्यवृंद मागे मंचावरच. याला ‘मैफिलीतील सादरीकरण’ म्हटलेलं वाचलंय, त्याने काहीच बोध होत नाही. ‘नेपथ्याविना, केवळ संगीतरूपात’ असं लिहा. प्रोमेनाड कॉन्सर्ट म्हणजे जिथे श्रोते उभे राहून, फिरत ऐकू शकतात. लंडनची प्रॉम्स ही मालिका १८९५ साली सुरू झाली तिचं नाव त्यावरूनच. बेनिफिट कॉन्सर्ट म्हणजे मदतनिधीसाठीचा कार्यक्रम. अठराव्या शतकातल्या मजकुरात मात्र बेनिफिट म्हणजे ज्याचं उत्पन्न त्या कलावंतालाच मिळायचं असा कार्यक्रम, तेव्हा साल बघून भाषांतर करा.

कॉन्सर्टमास्टर आणि कॉन्सर्ट पिच यांच्यासाठी मात्र थोडं थांबू, कारण हे दोन शब्द कागदावर कळत नाहीत, सभागृहात बसून कळतात. वादक आपापल्या जागी आलेले असतात, जो तो आपलं काहीतरी वाजवत असतो, सगळा गलका. मग पहिल्या व्हायोलिनांच्या ओळीतला पहिला वादक येतो. तो कॉन्सर्टमास्टर. ब्रिटनमध्ये त्याला लीडर म्हणतात. टाळ्या होतात, पण तो वाद्यवृंदाचा संचालक (कंडक्टर) नव्हे. तो उभा राहून ओबो या फुंकवाद्याच्या वादकाकडे बघतो. गलका एकदम थांबतो. ओबो एकच स्वर धरतो, ‘ए’. ओबोचा आवाज सरळ आणि टोकदार, सगळ्यांतून आरपार ऐकू येतो. त्याच्याशी आधी फुंकवाद्यं जुळतात, मग तंतुवाद्यं, आणि क्षणभर सगळं सभागृह त्या एका स्वराने भरून जातं. तुमच्या पियानोवादिकेसारखं कुणी कन्चेर्टो वाजवणार असेल तर मंचावर पियानो असतो. ऐनवेळी पियानो जुळवता येत नाही, म्हणून कॉन्सर्टमास्टर वाकून पियानोचीच ती पट्टी दाबतो आणि बाकीचे तिला जुळवून घेतात. हा जो सगळ्यांनी मान्य केलेला स्वर, तो कॉन्सर्ट पिच. १९३९ च्या लंडन परिषदेत त्यासाठी ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, ठरले, १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात ते आले, तरी आजही अनेक वाद्यवृंद ४४२ किंवा ४४३ वर जुळवतात. कॉन्सर्ट पिचचा दुसराही अर्थ आहे: बी फ्लॅट क्लॅरिनेटचा वादक कागदावर ‘सी’ वाचतो तेव्हा ऐकू येतो बी फ्लॅट. तो ऐकू येणारा खरा स्वर म्हणजे कॉन्सर्ट पिचमधला स्वर. इथे कॉन्सर्टचा मूळ अर्थ, सगळ्यांचं एका ठिकाणी जुळणं, अगदी कानाने ऐकता येतो.

आपल्याकडेही जुळवणं असतंच, पण त्याचं वागणं वेगळं. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेली कॉन्सर्ट आठवा. सुरुवातीला पंडित रविशंकर सतार आणि उस्ताद अली अकबर खाँ सरोद जुळवत होते. जुळवणं थांबलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. रविशंकरांनी आभार मानले आणि वाद्य जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा व्यक्त केली. त्या टाळ्यांत श्रोत्यांचं प्रेम होतं, उत्साह होता. पण मैफलीत बसणाऱ्याला जुळणं कुठे संपतं आणि वादन कुठे सुरू होतं हे सांगावं लागत नाही. एकाच मंचावर त्या दिवशी कॉन्सर्ट आणि मैफल समोरासमोर आल्या होत्या.

गिगवर फार वेळ घालवायची गरज नाही, पण त्याची पातळी सांभाळा. तो वादकांचा आपसातला शब्द, १९२० च्या दशकातल्या अमेरिकी जॅझवाल्यांकडून पसरलेला. कॉन्सर्ट हा प्रसंग, गिग हे काम. ‘शनिवारी गिग आहे’ म्हणजे शनिवारी वाजवायला जायचंय आणि त्याचे पैसे मिळणार आहेत. पुढे कुठलंही सुटं, तात्पुरतं काम या अर्थाने तो संगीताबाहेर गेला आणि ‘गिग इकॉनॉमी’ झाली. मराठी वादक ‘प्रोग्राम’ म्हणतात, लोककलेत आणि बँडवाल्यांत ‘सुपारी’ म्हणतात. सुपारी हा गिगचा सख्खा भाऊ आहे, पण गुन्हेगारीच्या बातम्यांनी त्याचा अर्थ इतका झाकोळलाय की परिचयलेखात तो वापरता येत नाही. परफॉर्मन्स हा सगळ्यांत ढगळ शब्द, सादर होण्याच्या क्रियेवर बोट ठेवणारा. नाटक, नाच, गाणं, काहीही. त्याला ‘सादरीकरण’ आहेच, पण दर वाक्यात ते आलं की मजकूर सरकारी वाटतो. ‘गायल्या’, ‘वाजवलं’ अशी क्रियापदं असताना ‘सादरीकरण केलं’ कशाला?

वापराच्या दोन-तीन गोष्टी. उच्चार ‘कॉन्सर्ट’, जोर पहिल्या अक्षरावर. ‘कन्सर्टेड’मध्ये जोर दुसऱ्यावर जातो. इंग्रजीत कलावंत कॉन्सर्ट ‘देतो’ किंवा ‘वाजवतो’, संस्था ती ‘भरवते’, श्रोता तिला ‘जातो’. मराठीत ‘कॉन्सर्ट दिली’ कानाला बरं लागत नाही. ‘त्यांची कॉन्सर्ट झाली’ म्हणावं. लिंगाबद्दल लोक भांडतात. ‘झाली’ही ऐकू येतं आणि ‘झाला’ही. मनात मैफल असली की ती, कार्यक्रम असला की तो, असं मला वाटतं. मी स्त्रीलिंगी लिहितो. तुम्ही काहीही निवडा, फक्त एका लेखात बदलू नका. रिसायटल मात्र बहुतेकांच्या तोंडी ‘ते’ असतं. आणि ‘इन कॉन्सर्ट’मध्ये ‘अ’ (a) हे इंग्रजी उपपद गाळलेलं असतं ते मुद्दाम. ‘अॅट अ कॉन्सर्ट’ म्हणजे एका कार्यक्रमात हजर. कलावंताच्या नावापुढे ‘इन कॉन्सर्ट’ म्हणजे तो प्रत्यक्ष मंचावर, श्रोत्यांसमोर.

आता तुमचा मजकूर. एक आधी सांगतो, ‘ती’ऐवजी ‘त्या’ करा. परिचयात आदरार्थी रूपच शोभतं.

अकराव्या वर्षीचं पहिलं रिसायटल: ‘अकराव्या वर्षी त्यांचं पहिलं एकल पियानोवादन झालं.’ कन्चेर्टो डेब्यू: ‘सतराव्या वर्षी त्या पहिल्यांदा वाद्यवृंदासह एकलवादक म्हणून कन्चेर्टो वाजवायला बसल्या.’ इथे ‘पदार्पण’ टाळलंय ते मुद्दाम. अकराव्या वर्षी त्यांनी मंचावर पाऊल ठेवलंच होतं. दोनशे कॉन्सर्ट्स अँड रिसायटल्स: ‘आजवर वाद्यवृंदासह आणि एकट्याने मिळून त्यांचे दोनशे जाहीर कार्यक्रम झाले आहेत.’ महाविद्यालयीन काळातले गिग्ज: ‘शिकत असताना मिळेल तिथे वाजवून त्या आपला खर्च भागवत.’ मूळ वाक्यात खर्चाचा उल्लेख आहे म्हणून हे चालेल, नसता तर ‘मिळतील ते कार्यक्रम घेत’ एवढंच. जाहिरातीची ओळ, नाव आणि ‘इन कॉन्सर्ट’: नाव मोठं, खाली ‘प्रत्यक्ष पियानोवादन’.

राहिलं शेवटचं वाक्य, हाउस कॉन्सर्टचं. वर्षातून एकदा त्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात तीस-पस्तीस जणांसमोर वाजवतात, ध्वनिवर्धक नसतो, काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसतं, ऐकणारे सुचवतात आणि त्या वाजवत जातात. तिथे तुम्ही लिहिलेली ‘घरगुती मैफल’ तशीच राहू द्या.